आय फोंगच्या नावची पत्रं

(लाओसच्या सीमेलगतचं दाय लोकांचं गाव. खांबांवर उभं लाकडी घर, वरच्या ओसरीवर हातमाग. सकाळ. मागावर बसलेली यी वान, वय त्रेपन्न. समोर खनान तिप. चीवर उतरवून संसारी झालेल्या भिक्खूला इथे ‘खनान’ म्हणतात. तो डोंगरापलीकडून, लाओसमधून आलाय. इथे मुलाच्या नावाआधी ‘आय’ आणि मुलीच्या नावाआधी ‘यी’ लावतात.)

यी वान : लाजतोय तो, एवढंच ना? अठ्ठावीस वर्षांनी बहिणीच्या दारात यायचं म्हणजे पाय अडखळणारच. म्हणून तुम्हाला पुढे पाठवलं आणि स्वतः बसला असेल वेशीपाशी. मंदिरात शिकत होतात तेव्हाही भंतेंचा ओरडा खायला तुम्हालाच पुढे करायचा.

खनान तिप : वानताई, तो वेशीपाशी नाही.

यी वान : मग पलीकडे मुआंग सिंगलाच राहिला? गुडघ्यांमुळे? शेवटच्या पत्रात लिहिलं होतं त्यानं, चढ चढवत नाही म्हणून.

खनान तिप : गुडघे माझे दुखतात.

यी वान : तुमचेही दुखत असतील. चार दिवसांचा डोंगर आहे. चहा घ्या, निवतोय.

खनान तिप : नको. चहा घेतला की बोलायचा धीर जाईल. मागच्या वर्षी सीमेवरची वाट मोकळी झाली तेव्हाही निघालो होतो. अर्ध्यातून परत गेलो.

यी वान : काय झालंय आय फोंगला?

खनान तिप : ताई, तो मुआंग सिंगला पोचलाच नाही.

यी वान : कधी? यंदा?

खनान तिप : त्याच वर्षी. निघालो त्याच्या सहाव्या दिवशी.

यी वान : काहीतरीच बोलू नका. चार पत्रं आलीत त्याची.

खनान तिप : सांगतो. मध्ये अडवू नका, मग मला जमणार नाही. आम्ही सात श्रामणेर, शिकणारी पोरं, आणि भंते. भिक्खूंची धरपकड सुरू झाली म्हणून पावसातच निघालो. तिसऱ्या दिवशी फोंगला ताप भरला, चौथ्या दिवशी पाय टाकवेना. मागून सरकारची माणसं येतील अशी धास्ती होती. भंते म्हणाले, थांबलो तर सगळेच सापडू. ते बाकीच्यांना घेऊन पुढे गेले. मी राहिलो. दोन दिवस पानांच्या आडोशाला बसून होतो. तो बरळत होता, मध्येच शुद्धीवर यायचा. सहाव्या दिवशी सकाळी गेला. धूर दिसेल म्हणून अग्नी देता आला नाही. भिक्षापात्रानं माती उकरली. त्याला ठेवलं. आणि त्याचं दुसरं चीवर मी पांघरलं, ताई. थंडी फार होती.

यी वान : सतरा वर्षांचा होता.

खनान तिप : मीही.

यी वान : मग ती पत्रं कुणाची?

खनान तिप : जायच्या आदल्या रात्री शुद्धीवर आला होता. म्हणाला, आईला इतक्यात सांगू नकोस. भात घरात येऊ दे, मग सांग. नाहीतर ती खाचरात उतरणार नाही. म्हणून पहिलं पत्र मी लिहिलं. सुखरूप पोचलो, एवढंच. खाली त्याचं नाव. मिठाच्या तांड्याबरोबर पाठवलं. सुगी झाली की खरं कळवायचं, असं ठरवलं होतं मी.

यी वान : सुग्या अठ्ठावीस झाल्या.

खनान तिप : हो.

यी वान : का नाही कळवलंत?

खनान तिप : तुमच्या आईचं उत्तर आलं. सोबत नदीच्या शेवाळाच्या वाळवलेल्या पापड्या आणि एक झोळी. निरोपात विचारलं होतं, जेवतोस का पोटभर, तिथे पांघरूण आहे का. ताई, मी मंदिराच्या पायरीवर सापडलेलं पोर. मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं जेवलास का म्हणून. त्या पापड्या मी लपून, एकट्यानं खाल्ल्या. मग दुसरं पत्र लिहिलं.

यी वान : आणि त्यात लिहिलंत, आई, पापड्यांना घरचा वास येत होता.

खनान तिप : तुमच्या लक्षात आहे?

यी वान : चारही पाठ आहेत मला. मंदिराचं कोठार केलं, ताडपत्रांच्या पोथ्या चुलीत घातल्या, तेव्हा घराघरातून झडत्या चालू होत्या. पलीकडचं पत्र सापडलं तर काय करतील ते तुम्हाला माहीत नाही. आईनं मंदिरातली जुनी लिपी येणाऱ्या सोमआजोबांकडून एकेक पत्र तीन-तीनदा वाचून घेतलं, आम्ही दोघींनी पाठ केलं आणि जाळलं. भात लावताना आई वाकल्या वाकल्या ते म्हणायची, गाणं म्हणावं तसं.

खनान तिप : सोमआजोबा वाचायचे? त्यांनी तर आम्हा दोघांची अक्षरं घटवून घेतली होती.

यी वान : पहिलं पत्र हातात घेऊन थांबले होते बराच वेळ. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, डोळ्यांत पाणी येतं हल्ली, वय झालं. मग वाचलं त्यांनी.

खनान तिप : म्हणजे अक्षर माझं आहे हे त्यांना कळलं होतं.

यी वान : तुम्ही दोघांनी मिळून आम्हा बायकांना छान सांभाळलंत. बरं, त्यात खरं काय होतं? लग्न?

खनान तिप : माझं.

यी वान : ती आंधळी म्हैस, खोपटाला लागलेली आग?

खनान तिप : सगळं माझंच. खोटं एकच होतं, खालचं नाव.

यी वान : आणि यी ओन? तिच्या जन्माचं कळलं त्या दिवशी आईनं अख्ख्या आळीला चिकट भात वाटला होता.

खनान तिप : माझी मुलगी. सोळाची झाली.

यी वान : मला माहीत आहे सोळाची झाली. तिच्यासाठी लुगडं विणून पेटीत ठेवलंय मी.

खनान तिप : ताई, मला मारा, शिव्या द्या. पण आई सुखानं गेल्या असतील ना?

यी वान : सुखानं गेली. म्हणायची, माझं नशीब थोर, पोटचं कुणी माझ्या आधी गेलं नाही. मी तिच्या नावानं तुंग विणला, नऊ हात लांब पांढरी पताका. मंदिराला छप्परही नव्हतं तेव्हा, आंब्याच्या फांदीला बांधला. लेकानं धरून चढवायचा म्हणून गावानं विचारलं, आय फोंगला निरोप पाठवायचा का. मी म्हटलं, तो लांब आहे, मी एकटी बांधते. आणि तो? त्याच्या नावानं कुणी काही बांधलंय का तिकडे?

खनान तिप : बुद्धापुढे दिवा लावत आलो दरवर्षी. तुंग नाही. तुंग घरच्या बाईनं विणायचा असतो.

यी वान : मग अठ्ठावीस वर्षं तो तिथेच उभा आहे. तुंगाला धरून वर चढतात गेलेली माणसं. त्याला धरायला काही नाही. आई वर जाऊन त्याला शोधत असेल आणि तो खाली मातीत. आणि मी इथे जिवंत भावाच्या पोरीसाठी हत्ती नि मोर विणत बसले.

खनान तिप : मला वाटलं होतं, मी तुमचं दुःख लांबवतोय.

यी वान : लांबवलंत. माझ्या वाट्याचं. त्याच्या वाट्याचं काय?

खनान तिप : त्याच्यासाठी काय करू ते सांगा.

यी वान : जागा आठवते?

खनान तिप : खिंडीच्या अलीकडे, तीन खडकांजवळ. आत्ता येताना तिथे बसून आलो.

यी वान : हा माग मी आज मोकळा करते. पांढरं सूत आहे घरात. नववर्षाला तुंग चढवतात, त्याला बारा दिवस आहेत, तोवर होईल. त्याचं नाव कापडावर जुन्या लिपीत लिहावं लागतं. सोमआजोबा गेले. गावात आता लिहिणारं कुणी उरलं नाही.

खनान तिप : मी लिहू?

यी वान : तुम्हालाच तर सवय आहे त्याचं नाव लिहायची.

खनान तिप : लिहीन. ताई, अजून एक आहे. यी ओन माझ्याबरोबर आलीये. वेशीपाशी विहिरीवर बसवलंय तिला.

यी वान : तिला काय सांगितलंत?

खनान तिप : काहीच नाही. तिला वाटतं, सख्ख्या आत्याच्या घरी चाललो. लहानपणापासून तेच ऐकत आलीये. वाटेत चार दिवस विचारत होती, आत्या उंच आहे का, आत्या रागीट आहे का.

यी वान : आणि फोंगचं नाव?

खनान तिप : तिला वाटतं, ते माझंच लहानपणचं नाव. मी आधी तिला सगळं सांगतो, मग हवं तर तशीच परत नेतो.

यी वान : चार दिवस चालून आलेलं पोर उपाशी परत न्यायचं? हाक मारा तिला. वाफेचा भात चढवलाय, मासाही आहे. जेवू दे पोटभर.

खनान तिप : आणि लुगडं?

यी वान : लुगड्याचं आज विचारू नका.

खनान तिप : बरं. बोलावतो.

यी वान : खनान.

खनान तिप : ताई?

यी वान : वाटेतच सांगा तिला काय ते. आणि म्हणावं, हवं तेवढं जेव, हवे तेवढे दिवस राहा. फक्त मला आत्या म्हणू नकोस.