गिरणी घराणं

गाणं शिकवणाऱ्या सरांची फिरकी घ्यायला गेलो अन् काय झालं, ते ऐका. निलंग्यात माझी पिठाची गिरणी. शेजारची मुक्ता, बारा वर्षांची पोर, ज्वारीचा डबा घेऊन यायची अन् मोटरीच्या घरघरीत सूर मिळवून मोकळ्या गळ्यानं गायची. दळण झालं तरी बाया हलायच्या न्हाईत.

तिला लातूरच्या क्लासात घालायचं ठरलं. तिच्या बापासंगं मीबी गेलो. सरांनी विचारलं, "बाळ, पट्टी कोणती तुझी?"

ती माझ्याकडं बघायली. मी म्हणलो, "दहा एचपी."

"शिकली कुणाकडे?"

"गिरणी घराणं हाय, सर."

सर हसले न्हाईत. "गा," म्हणले. मुक्ता गायली, तशी त्यांची पेटीवरली बोटं थांबली. मग मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणले, "काका, गळा सोन्याचा आहे. पण मोटरीवर आवाज चढवून तो फाटेल. वर्षभर तिला गिरणीत गाऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मुक्ता डबा घेऊन आली, ती गुणगुणतच. मी म्हणलो, "मोटर जळाली बाई. आता कवा सुरू होईल, काई सांगता येत न्हाई." जन्मभर थापा मारल्या, पण एवढी जड थाप कधी मारली नव्हती.

मुक्ता माझ्या तोंडाकडं बघतच ऱ्हायली. मग डबा उचलून म्हणली, "तात्या, थाप मारताना तुमचे डोळे हसतेत. आज का हसंनात?"