करटीचो दवलो

तोंडवलीच्या एसटीत गुरुदास मास्तरांच्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“रसिका, किती गो वाळलंस!”

“सासऱ्यांची आंघोळ, सुगंधावैनी. हात थरथरता, तांब्यो पडता. आणि माका न्हाणयेत येवक देनत नाय.”

“प्लास्टिकचो मग दी.”

“दिलंय. संडासातलो म्हणून भायर भिरकावल्यानी.”

“मगे नारळाच्या करटेक दांडी लाव. हलको दवलो होतलो.”

“लावलंय. ल्हानपणी त्येंची आये तसल्याच दवल्यान पाणी घाली. बघल्यानी आणि माझ्याच हातात दिल्यानी. आता गप बसान न्हातत.”

“म्हणजे सुटलंस!”

“डोळे मिटून म्हणतत, ‘आये, पाणी कढत आसा.’”

“मगे तू काय म्हणतंस?”

“काय म्हणतलंय? ‘झाला रे झिला, झाला.’”