गुडघा काय म्हणतो?

नाही, तुम्हीच सांगा, फोन वाजला की माणूस आधी काय बघतो? नाव बघतो. नाव दादाचं. मंगळवार, सकाळचे अकरा, माझ्या चष्म्याच्या दुकानात एक बाई चौदावी फ्रेम लावून आरशात बघतायत, "यात मी रागीट दिसते का हो?" विचारतायत, आणि मी "छे छे, उलट..." म्हणत एका हाताने फोन उचलला. आता या दिवसांत, हवा जरा कोरडी झाली की दादाचा फोन म्हणजे डोंगर, दुसरं काही नाही. म्हणून मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू केलं, "दादा, गुडघा अजून बरा नाही रे, या वर्षी नको." आणि पलीकडे वहिनी. तिने माझं वाक्य पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, "भाऊजी, हे गेले."

मी विचारलं, कुठे?

खरंच विचारलं. मला वाटलं, कंटाळून एकटाच गेला डोंगरावर. डोंगरावर नव्हे हो. घरात, खुर्चीत, एक मोजा पायात आणि एक हातात. आणि मी काय केलं? बाईंना सांगितलं, हीच चांगली दिसते, नंबर लिहून घेतला, शुक्रवारी या म्हणालो, आणि मग शटर ओढलं. म्हणजे दादाला म्हणून मी बोललेलं शेवटचं वाक्य कुठलं, तर गुडघा. आणि माझ्या गुडघ्याला, तुम्हाला म्हणून सांगतो, आजतागायत काहीही झालेलं नाही. दोन्ही उत्तम आहेत. मांडी घालून बसतो मी.

मग गुडघा आला कुठून? ऐका. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांना वर न्यायची सोय बघायची आणि रविवारी स्वतः पायी चढायचं, असा माणूस. डोंगरही असला निवडलेला की तिकडे कुत्रं फिरकत नाही. सगळा चढ झाडीतला, सोपा, आणि माथ्याच्या अलीकडे मात्र धार. दोनशे पावलं. डावीकडे दरी, उजवीकडे दरी, मध्ये तुम्ही. माथ्यावर दगडाखाली एक पत्र्याची पेटी, त्यात वही. जो पोचेल त्याने तारीख घालून नाव लिहायचं. वही दादाचीच. तोच आखायचा, तोच ठेवायचा, आणि भरली की ज्याच्या हाती लागेल त्याने खाली आणून पायथ्याच्या चहावाल्या मावशींकडे द्यायची, असा त्याचा नियम.

तर नऊ वर्षांपूर्वी जेवताना दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "धाकट्याला जमायचं नाही, तो धारेवर बसकण मारेल." बस्स. गेलो मी एकटा. धार बघितली. तुम्हाला सांगतो, माझ्या दुकानाच्या काउंटरएवढी रुंद. म्हणजे काउंटर म्हणून ऐसपैस आहे हो, रस्ता म्हणून नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी वळलो. घरी येऊन काय सांगितलं? माथ्यावर जाऊन आलो. वर नजारा काय वर्णन केला मी... नदी चमकत होती म्हणालो. नदी दुकानातल्या कॅलेंडरवरची. दादा ऐकत होता. म्हणाला, "छान."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन, "चल, आता दोघं जाऊ." आता जाऊ कसा? धारेवर पाय ठेवला की उघडा पडणार. म्हणून म्हणालो, गुडघा. सुचला तो अवयव. तेव्हापासून दर वर्षी, हवा कोरडी झाली की फोन, आणि पहिलं वाक्य, "काय रे, गुडघा काय म्हणतो?" नऊ वर्षं माझा गुडघा बोलत होता. मी गप्प.

आणि आता बघा, दादा गेल्यावर महिन्याभराने वहिनीने एक नवी वही पुढ्यात ठेवली. जाड पुठ्ठ्याची, वर प्लास्टिक, आत लाल रेघा त्याच्या हाताच्या. "जुनी भरत आली होती, ते या वर्षी ही ठेवणार होते. भाऊजी, वर गेलेले घरात तुम्हीच. गुडघा सांभाळून, पण एवढं करा." पुतणी शेजारीच बसलेली. ती सरळ म्हणाली, "काका, मी गेले असते, पण मला उंचीची भीती वाटते." झालं. एका वाक्यात सुटली. कुणी तिला काही म्हणालं? पाणी आणून दिलं तिला वहिनीने. इतकं सोपं असतं, हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगायचं नाही?

गेलो. काय करणार? मावशींकडे चहा घेतला, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. झाडीतून चढलो, मस्त. धार आली. म्हटलं, दादासाठी. दहा पावलं उभा चाललो. पुढची दहा वाकून. मग रांगत. आणि मग, काय सांगू, घोड्यावर बसतात तसा बसलो. एक पाय या दरीत, एक पाय त्या दरीत, पाठीला पिशवी, पिशवीत वही, आणि मी सरकतोय. वीतभर सरकायचं, डोळे मिटायचे, वीतभर सरकायचं. दादा म्हणाला होता तेच, अक्षरशः. बसकण.

तेवढ्यात समोरून एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, डोक्यावर टोपी, हात मागे बांधलेले, बागेत फिरावं तशा.

"बसलात का?"

"विश्रांती."

"अशी?"

"गुडघा आहे जरा. डावा."

"मग उजवा का चोळताय?" आणि वर सांगतात, "मी तीस वर्षं नर्स होते."

आता मी हलल्याशिवाय त्यांना रस्ता नाही, आणि मी तर हलत नाही. तर त्या बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला ओलांडून गेल्या. जिन्याच्या कठड्यासारखा वापर केला माझा. पलीकडे जाऊन विचारलं, "वर कशाला निघालात?" मी पुढे तोंड करून, मान न वळवता, सगळं सांगितलं. वही, दादा, मोजा. त्या दोन पावलं परत आल्या. मग माझ्या पाठीवरच्या पिशवीत काहीतरी सरकवलं. "मग ही तुमच्या घरचीच. आज भरली. शेवटची ओळ मीच लिहिली, खाली मावशींकडे द्यायला नेत होते. पेटी आता रिकामी आहे हं, नवी लवकर ठेवा." मी म्हणालो, "हो, हो, हा काय निघालोच."

निघालोच. त्यांच्या पावलांचा आवाज मागे झाडीत विरेपर्यंत मी तोंड माथ्याकडे करून बसलो होतो, आणि विरल्यावर उलटा सरकायला लागलो. माथा नव्वदएक पावलांवर, पेटीवरचा दगड मला दिसत होता. दिसत होता हो. नजर चांगली आहे माझी, धंदाच तो.

सपाटीवर आल्यावर झाडाला टेकून वही काढली. बाईंची ओळ बघू म्हणून शेवटून उघडली, तर मागच्या पानावर वेगळाच मजकूर, सगळा दादाच्या अक्षरात. वर लिहिलेलं, "परत फिरलेले. यांचाही डोंगर." खाली नावं, तारखा. 'एक मास्तर, दम लागला.' 'नवराबायको, भांडण.' कोण किती वाजता वर गेलं आणि किती लवकर खाली आलं, याचा हिशोब मावशींकडे असायचा, त्या दादाला सांगायच्या. आणि तिसऱ्या ओळीत, नऊ वर्षांपूर्वीची, मी गेलो त्याच दिवसाची तारीख, "आमचा धाकटा. धारेपर्यंत. गुडघा."

त्याला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून. आणि त्याने 'भ्याला' लिहिलं नाही, 'थापा मारल्या' लिहिलं नाही. मी दिलेलं कारण होतं तसं लिहिलं, आणि दर वर्षी फोन करून त्या कारणाची विचारपूस करत राहिला. एकदा, नऊ वर्षांत एकदा मी म्हणायचं होतं, दादा, गुडघा नाही रे, भीती वाटते. धरून नेलं असतं त्याने मला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचा तो, अर्धं आयुष्य तेच केलं त्याने.

आता तुम्हाला वाटेल, हे वाचल्यावर मी उठलो आणि गेलो. उठलो मी. धारेपाशी गेलो. वारा सुटला होता. तिने माझ्याकडे बघितलं.

खाली मावशींनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. चहा दिला.

घरी वहिनीने विचारलं, "ठेवली?"

मी म्हणालो, "ठेवली." तोंडातून गेलंच हो. सवय. आणि जुनी वही तिच्या हातात दिली. तिने ती पुढून उघडलीच नाही. थेट मागून उघडली. ते पान काढलं, बोट तिसऱ्या ओळीवर गेलं, थांबलं. मग वही मिटली, मांडीवर ठेवली, आणि अगदी त्याच्यासारखीच म्हणाली,

"भाऊजी, गुडघा काय म्हणतो?"

मी म्हणालो, "बरा आहे आता."

नवी वही दुकानात आहे, काउंटरच्या खालच्या खणात. पेटी अजून रिकामी आहे.