ऐकण्याचे पाचशे रुपये

—नाही नाही, बरोबर वाचलंत, पाचशेच. स्पीकर ऐकून बघायचे पाचशे, घेतलेत तर बिलातून वजा. बसा हो, रागावू नका. आर. के. पुरमहून मेट्रो बदलत बदलत इथे गाझियाबादला आलात, त्यात मराठी निघालात — फक्त जरा माझ्याकडे तोंड करून बोला, रस्त्याचा आवाज फार आहे. अच्छा, तुम्हाला हे चुकीचं वाटतं? कापडवाला ठाण उलगडून दाखवायचे पैसे घेतो का? नाही घेत. माझी बायको वृंदाही हेच म्हणते. पण कापड बघायला पाच मिनिटं लागतात — इथे माणूस दोन-दोन तास खुर्चीत बसतो, चार जोड्या आलटूनपालटून लावायला लावतो, चहा पितो आणि ‘थँक्यू अंकल’ म्हणून घरी जाऊन फोनवरून मागवतो. सत्तावीस वर्षं झाली मला या धंद्यात. पूर्वी लोक ऐकून घ्यायचे, आता ऐकून जातात.

आता तो जयंतच घ्या — आपलाच, मराठी, फरीदाबादला कारखान्यात इंजिनियर. चार रविवार आला. चौथ्या रविवारी याच खुर्चीत बसून, माझ्यादेखत, मोबाइलवर ऑर्डर दिली — आणि वर विचारतो, ‘भालचंद्रकाका, घरी येऊन जोडून द्याल? मजुरी देईन.’ तुम्ही काय केलं असतं? हाकलला असता. मी गेलो. हो, गेलो — त्या महिन्यात एक जोडी खपली नव्हती. जोडले, त्याच्या आवडीचं गाणं लावलं, म्हटलं, बिल्कुल फर्स्ट क्लास. तर त्याची बायको, उल्का, कणकेच्या हातानं बाहेर आली — ‘काका, डावीकडून शिट्टीसारखं काय येतंय?’ मी म्हटलं, कुठे? ‘हे काय, सारखं येतंय की!’ जयंत म्हणाला, हो, येतंय. त्यांची चार वर्षांची पोर कानांवर हात ठेवून उभी — आणि मी त्या स्पीकरला गाल चिकटवून बसलोय, हा असा — आणि मला काही म्हणजे काही—

वायर बदलली, तेव्हा शिट्टी गेली म्हणे. मजुरी नाही घेतली मी.

दुसऱ्या दिवशी हा बोर्ड लावला. फुकटे येऊ नयेत म्हणून — नाही, खरं सांगू? कुणीच येऊ नये म्हणून. पाचशे म्हटलं की माणूस दारातूनच परततो, आणि परतला की ‘तुम्हाला कुठला बरा वाटतो?’ असं मला विचारत नाही. वृंदाला वाटतं, मी हट्टाला पेटलोय. डॉक्टर म्हणतो, डावा कान गेलाच, उजवाही निघालाय. तिला नाही सांगितलं — कुणालाच नाही — तुम्हाला का सांगतोय यार मी? दुकान विकू? विकून काय करू? मला दुसरं येतं काय? आजवर कानांवर पोट भरलं. आता गिऱ्हाईक आलं तरी मरण, नाही आलं तरी मरण.

थांबा, उठू नका! पैसे नकोत, एक पैसा नको. ही जोडी लावतो तुमच्यासाठी, दुकानातली सगळ्यात चांगली. असे मधोमध बसा. तुम्ही नुसतं सांगत जा — डावा बारीक वाटतोय, उजवा बोचतोय — म्हणजे मी फिरवतो बटण. दोघं मिळून करू, जमेल, का नाही जमणार? ही बासरी. सुरुवातीला अगदी मंद आहे... हं. आता चढेल बघा — वर गेली की सूर कसा लांबतो, मध्ये कुठे श्वास घेतलाय तेसुद्धा कळतं, मला पाठ आहे ती — थांबा, येतोय — हा! हाच तो! काय सुरेख—

असे काय बघताय?

संपली?

कधी?

...निघा तुम्ही. नाही, काही झालं नाही मला. निघा म्हणतोय ना.