माशांच्या टाकीत मायचे पाय

माझं नाव सुमन, माहेर देवगाव रंगारीचं अन् सासर बी तिथलंच, गल्ली बदलली एवढंच. दोन सालं पाऊस नाय, विहिरी आटल्या, मग नवरा बांधकामावर अन् मी मॉलात, असं आम्ही औरंगाबादेत आलो, संभाजीनगर आता म्हणतेत.

मॉलात काम कशाचं, तर माशांच्या टाकीचं. काय सांगू तुम्हाला ताई, गावात प्यायला पाणी नाय अन् इथं लोक पैसे देऊन पाण्यात पाय सोडून बसतेत, बारके बारके मासे पायाची मेलेली कातडी खातेत अन् बाया किंचाळतेत, हसतेत. मी आधी पाय धुऊन द्यायची अन् विचारायची, शुगर हाय का, जखम हाय का, कारण शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं व्हतं, शुगरवाल्याला बसू द्यायचं नाय. अन् माशांना खायला बेतानंच टाकायचं, पोट भरलं की ते पायाला तोंड लावत नाय. मला लई वाईट वाटायचं त्या मुक्या जिवांचं.

उन्हाळ्यात माय आली माझ्याकडं. जन्म सगळा रानात गेला तिचा, भेगांत बोट बसंल अशा टाचा. म्हणलं, मोठ्या लोकांचे लाड व्हतेत, माझ्या मायचे का नाय? सकाळी शेठ यायच्या आत तिला बसवलं. तवा नळाला आठ दिवसांनी पाणी, टँकरवाला बी फिरकंना, टाकीतलं पाणी किती दिवसांचं ते मलाच ठाऊक. अन् दिवसभर सगळ्यांना विचारणारी मी, मायला विचारलंच नाय. आपल्या मायला कुणी गिऱ्हाईकावानी विचारतं व्हय?

मासे तुटून पडले तिच्या पायावर अन् ती गप. म्हणलं, माय, गुदगुल्या नाय व्हत का? तर म्हणली, कसल्या गुदगुल्या, मला काईच कळंना, पर बसायला बरं वाटतंय. मी हसले. हसले हो मी! म्हणलं, रानातल्या बाईचे पाय, निबार झालेत. तिथंच समजायला पायजे व्हतं.

पाचव्या दिवशी टाच काळी पडली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणले, शुगर कवापासून हाय? माय म्हणली, मला कुठली शुगर, मी तर चहा बी गुळाचा पिते. पायातली जाणच गेली व्हती तिच्या, आम्हाला पत्ता नाय. घोट्याच्या वरून पाय काढला.

तिच्या पाया पडून म्हणलं, माय, माझ्यामुळं गेला गं. तर म्हणली, तू लाड केलेस, बाकी कुणी केले व्हते माझे?

ते काम सोडलं मी, आता चार घरची धुणीभांडी करते. माय माझ्याजवळच असती. देवानं तिचा तेवढा एक पाय राखावा, दुसरं काय मागू? डॉक्टरनं सांगितलंय म्हणून रोज संध्याकाळी तो पाय मांडीवर घेते, तळवा बोटानं दाबून बघते अन् विचारते, लागतंय का? ती म्हणती, लागतंय बाई, लागतंय. परवा माझं बोट आजून टेकलं बी नव्हतं, तरी म्हणली, लागतंय.