मधोमध उभे राहा

—दारू? नाई पेत. पण भाऊ, तुमी तं लग्नाची शूटिंग बुक कराले आलते म्हणे. ज्याले शूटिंग पाह्यजे तो भाव विचारते, ड्रोन हाय का विचारते. तुमी विचारता वावर किती, मायबाप सोबत राह्यतात का, पोरगं पेते का— बरं, नाई बोलत मी. चहा घ्या. महागावहून दिग्रसले, इतक्या दूर शूटिंगवाला धुंडाले आले— असू द्या.

तं राजकुमार. समोरचं निळं दार त्याचंच. कामाचं म्हणान तं डोकं फिरेल हाय त्याचं. माह्या दिपालीच्या लग्नाचा सिनेमा त्यानंच काढला, म्हणून सांगते. बाकीचे कसे, नवरीले गोल फिरवतात, गुलाब उडवतात, झालं. ह्याले सगळं मधोमध पाह्यजे— दाराच्या मधोमध नवरी, दोन्हीकडं दोन हंडे, हंडे बी सारखे, रंग बी सारखाच, पिस्ता. जिनिंगातल्या कापसाच्या ढिगापुढं गुलाबी फेट्याचा नवरदेव उभा केला, बाजूनं त्याचे मामा. डावीकडं झाले तीन, उजवीकडं दोनच. मंग काय केलं असन? आमच्या शेजारच्या धम्मरत्नले घडीभर मामा केलं. आमच्या बाहेरगावच्या पाहुण्यायले काय माहीत, त्याहीनं मामा म्हणून त्याले टोपी-दुपट्टा देल्ला. आपल्याच शेजाऱ्याले. तो आजबी नवरदेवाले भाचा म्हणते, दिवाळीले त्याच्या घरी फराळ घेऊन जाते.

आन् सिनेमात मधातच पाटी येते— ‘प्रकरण तिसरं : जोडे सापडत नाहीत’. मांडवात गोंधळ, व्याही बोंबलून राह्यला, आन् मागून राजकुमारचा आवाज, रेडिओवर पावसापाण्याचं सांगतात तसा— ‘या वेळी नवरदेवाचे जोडे बकरीजवळ होते.’ मंग बकरी. सरळ आपल्याकडं पाहून राह्यली. तीबी मधोमध.

हट्टी? हाय न, हे मात्र खरं सांगावं लागन. दिपालीच्या सासरचे म्हणे, एक तुकडा काढून टाक, लोक हासतात. हा म्हणे, पैसे नका देऊ, पण तो नाई निघत. कोणता तुकडा? काही नाई, जाऊ द्या न— दिपालीचे बाबा. त्याहीले फोटोत हासताच नाई ये. भटजीबी म्हणे, पोरीचं लग्न हाय, हासा थोडंसं. तं हा माणूस गेला आचाऱ्याच्या मांगं. तिथं स्टीलची पाण्याची टाकी, तिच्यात तोंड पाहून हासाची प्रॅक्टिस करून राह्यला. हासे, पसंत नाई पडे, पुन्हा हासे. राजकुमारनं तेच काढलं. टाकी मधोमध, टोपी मधोमध, वरून सनई. सगळी गल्ली हासली, मीबी हासली. मागच्या पोळ्याले गेले ते. घरात इतके फोटो हायेत त्याहीचे, एकातबी हासू नाई. हासतात ते त्या टाकीपुढंच. रोज लावते मी— रोज नाई, कधीमधी. लय आठवण येते, भाऊ. चहा घ्या न, थंडा झाला.

आता सरळच बोलू, प्रेमसिंगभाऊ. नाव कसं माहीत? पोरगी द्याची हाय ना तुमाले त्याले? तुमची पुष्पा येऊन गेली. याच खुर्चीत बसलती. तिनंबी शूटिंगच बुक कराची हाय म्हटलं. तुमच्या घरात सगळ्यायले एकच थाप येते काय? पण तिनं वावर नाई विचारलं, सिनेमा लावा म्हटलं. मामाले हासली, बकरीले हासली, टाकी आली तं खुर्ची पुढं ओढली. मंग म्हणे, काकू, पुन्हा लावा.

तुमचं तुमी पाहा आता. उठा, बस निघून जाईन. फक्त लग्नात रडू आलं तं मांडवामांगं लपू नका— सोताच्या लग्नातबी तो कॅमेरा सोडणार नाई, आन् तिथंच असन. रडाचंच असन तं मधोमध उभे राहून रडा. बाजूले राह्यले तं पुन्हा रडाले लावन.