खुंटीवर राहिलेला बिल्ला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे खाणव्यवस्थापक साहेब, माझे सहकारी प्राध्यापक, ज्यांच्या जिवावर आमची चूल पेटली ते विद्यार्थी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेत पकडून बसलेले सुज्ञ पालकहो,

खाण अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा निरोप आणि माझी निवृत्ती विभागानं एकाच दुपारी उरकायची ठरवली. एका दगडात दोन पक्षी. दगडांतच आयुष्य गेलं, त्यामुळे तक्रार नाही. आधीच्या वक्त्यांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की मला वाटलं, हा गृहस्थ गेला की काय. गेलेला नाही, पण थकलाय. गुडघे थकलेत, आवाज थकलाय, आणि डोक्यावरचं छत कोसळू नये म्हणून काय करायचं, हे दरवर्षी नव्या चेहऱ्यांना त्याच हुरूपानं सांगायचं बळही आता उरलेलं नाही.

मुलांनो, जमिनीखाली हवा कशी खेळवायची ते तुम्ही शिकलात, सुरुंगाची भोकं कागदावर आखलीत, सळईनं छत ठोकून आवाज ओळखायला लागलात. परीक्षेत हे सगळं मी विचारलं. एक गोष्ट मात्र प्रश्नपत्रिकेत कधी आली नाही. ती आज सांगतो, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून.

तुमच्यातलीच एक जण माझी मुलगी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्गात ती मला 'सर' म्हणते आणि घरी अजिबात ऐकत नाही. मागच्या सुट्टीत तुमची तुकडी प्रशिक्षणाला खाणीवर होती, मी सोबत होतो. पालकांसाठी खाणीची रीत सांगतो. खाली उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला खाणीच्या तोंडाशी असलेल्या फळीवर खुंटीला अडकवायचा, वर आल्यावर काढायचा. बिल्ला खुंटीवर, म्हणजे माणूस खाली.

त्या दिवशी पाळी सुटली, सगळे वर आले, आणि एक बिल्ला राहिला. तिचा. दोघं म्हणाले, "आम्ही तिला वर येताना पाहिलं." पाळीचा मुकादम म्हणाला, "पाहिलं असेल. पण बिल्ला आहे ना?" आणि घरी निघालेली माणसं पुन्हा टोप्या चढवून खाली गेली. पुढची पाळी बाहेर तिष्ठत बसली. मला जाऊ दिलं नाही. शोधाला बापाला पाठवत नाहीत. मी त्या फळीसमोर उभा राहिलो. खाली कुठं काय होऊ शकतं, ते सगळं मला धड्यानुसार आठवत होतं. शिकवणाऱ्याला अज्ञानाचं सुख नसतं हो.

बऱ्याच वेळानं ती कपडे बदलायच्या खोलीतून आली. इतकी दमली होती की डोक्यावरचा दिवाही न काढता बाकावर झोपून गेली होती. डोळे चोळत मला म्हणाली, "बाबा, कोण राहिलंय खाली?"

मी म्हणालो, "तू."

शोधायला गेलेली माणसं वर आली. कुणी तिला एक शब्द बोललं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती नंतर म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती उतरायला सगळ्यांच्या आधी उभी, आणि मला वाटत होतं, हिचा पाय मुरगळावा. बापाच्या मनात असलंही येतं.

आता तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक कार्यालयात बसून संगणकावर खाणींचे नकाशे काढायची, दुसरी खाली उतरायची. खाली काम केल्याशिवाय व्यवस्थापकाची परीक्षा देता येत नाही, हे पाहुणे सांगतीलच. तिला खालचीच हवी आहे. "तुम्हा दोघांपैकी एकानं तरी हो म्हणा, मग जाते," एवढंच तिचं म्हणणं. उद्या कळवायचं आहे. आणि तिच्या आईनं, म्हणजे पहिल्या रांगेत बसल्या आहेत त्यांनी, मला विचारलं, "तुम्ही एकदा त्या फळीसमोर उभे राहिलात. मी रोज उभं राहायचं का?" हल्ली आमच्याकडे जेवताना मीठ द्या, पाणी द्या, इतकंच बोलणं होतं.

पण आज इथं बसलो आणि तुम्हा पालकांकडे पाहिलं. प्रवेशाच्या वेळी याच सभागृहात मी म्हणालो होतो, "निर्धास्त राहा, ही आमचीच मुलं आहेत." तुम्ही विश्वास ठेवलात. आता माझी तेवढी मी वर ठेवून घेतली, तर ते कोणत्या तोंडानं म्हणालो होतो? तिला शोधायला गेले, त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होतंच ना?

तेव्हा बाळ, तिथून अशी टक लावून पाहू नकोस. माझा होकार आहे. मला भीती वाटते, ती माझ्यापाशी राहू दे. तू जा.

पुष्पगुच्छाबद्दल विभागाचा, इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल सहकाऱ्यांचा आणि वर्गात डुलक्या काढतानाही मान हलवत राहिल्याबद्दल विद्यार्थ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं ते मोठ्या मनानं पोटात घालावं. पहिल्या रांगेतल्या एका व्यक्तीला मात्र, जे घरी सांगायचं धैर्य झालं नाही, ते मी आज चारचौघांत सांगून टाकलं. त्याची क्षमा अशी माईकवरून मागता येत नाही. ती घरी जाऊन मागेन. मिळेलच असं नाही.